फोर्ड मॉडेल टी : स्टिअरिंगखालचे स्पार्क आणि थ्रॉटलचे लिव्हर ढिले झालेत, चालवताना आपोआप सरकतात. नवे घालू की दुरुस्त होतील?

बहुतेक वेळा दुरुस्त होतात. पण हे काम लांबणीवर टाकू नका. मॉडेल टीला पायाचा अ‍ॅक्सिलरेटर नाही, उजवा लिव्हर हाच थ्रॉटल. डावा स्पार्कचा. तो पूर्ण वर असतो तेव्हा स्पार्क उशिरा पडतो आणि हँडल मारताना तो तिथेच राहायला हवा. धक्क्यानं खाली घसरला तर इंजिन उलटा झटका देतं आणि मनगट मोडू शकतं.

आधी ढिलेपणा नेमका कुठे आहे ते शोधा. इंजिन बंद ठेवून एकाला लिव्हर हळूहळू हलवायला सांगा आणि तुम्ही खालून वर बघत या: कार्ब्युरेटरच्या टोकाची पिन, जोडसळई, लिव्हरच्या दांड्याचं खालचं टोक, दांडा ज्यातून जातो ते ब्रॅकेटमधलं भोक, शेवटी लिव्हर जिथे अडकतो त्या वरच्या पट्टीचे दाते. लोक थेट दात्यांना हात घालतात, आणि खालच्या दोन-तीन सांध्यांतला थोडा थोडा ढिलेपणा तसाच राहतो.

लिव्हर खाचेत दाबून धरणारी स्प्रिंग मऊ पडली असेल तर बदला. ताणून लांब केलेली स्प्रिंग थोड्याच दिवसांत पुन्हा मऊ पडते. तारेची जाडी आणि लांबी मूळचीच ठेवा. जास्त कडक स्प्रिंगनं लिव्हर घट्ट वाटतो खरा, पण दाते लवकर झिजतात.

ब्रॅकेटमधलं भोक लांबट झालं असेल तर ब्राँझचा बुश (भोकात बसणारी छोटी नळी) घाला. समजा दांडा ८ मिमीचा आहे: भोक रीमरनं (भोक मोठं करायच्या हत्यारानं) १० मिमीचं गोल करा, बुश ०.०२ मिमी घट्ट बसेल असा घ्या आणि आत दांड्याला ०.०५ मिमी मोकळीक ठेवा. इथे एक गोची असते. दांडाही त्याच जागी झिजून बारीक झालेला असतो. झिजलेल्या मापाचा बुश केला तर तो दांड्याच्या न झिजलेल्या भागावरून सरकतच नाही. म्हणून आधी दांड्यावर ब्रेझिंगनं (दुसरा मिश्रधातू वितळवून) धातू चढवायचा, लेथवर मूळ मापाला आणायचा, मग बुश. दांडा सरळ आहे का तेही काचेवर लोळवून बघा. वाकलेला दांडा एका जागी अडकतो आणि पुढे एकदम सुटतो. तो दोष हकनाक दात्यांच्या माथी मारला जातो.

आता दाते. पट्टीच्या ज्या टोकाला लिव्हर क्वचित जातो तिथले दाते बहुधा शाबूत असतात. त्यांवरून ०.५ मिमी पत्र्याचा साचा कापून घ्या, बाकीचे दाते त्याच मापाला आणायचे आहेत. पट्टी पितळेची असेल तर चांदीच्या मिश्रधातूचं ब्रेझिंग करा. ते साधारण ६५०° सेल्सियसला वितळतं, पितळ ९०० च्या आसपास, तेव्हा ज्योत एका जागी धरून ठेवू नका. मुलामा आधी काढून टाका. तो कॅडमियमचा असेल तर त्याचा धूर विषारी असतो. धातू चढवला की तिकोनी कानशीनं खाचा पाडा आणि दर दोन-तीन घासांनंतर साचा लावून बघा.

लिव्हरच्या ज्या कडेनं खाच धरली जाते तीही अशीच भरून घ्या. ती खाचेच्या तळाला टेकता कामा नये, दोन्ही उतारांवर बसली पाहिजे. तळाला टेकली तर दाते नवे असूनही लिव्हर घसरतो. मूठ एबोनाइटची (कडक रबराची) असेल तर तिच्या जवळपास ज्योत नेऊच नका.

जोडणी करताना कार्ब्युरेटरची पाकळी पूर्ण मिटल्यावरही लिव्हरला वर एखादा दाता शिल्लक राहील इतकी सळईची लांबी ठेवा. स्पार्कचा लिव्हर पूर्ण वर असताना पहिल्या सिलिंडरचा पिस्टन वरच्या टोकावरून किंचित पुढे गेल्यावर स्पार्क पडला पाहिजे. सळई वाकवून हे माप जुळवता येतं.

दांड्याला बुशपाशी ऑइलचा एक थेंब पुरे. दात्यांना ग्रीस मात्र लावू नका. धूळ चिकटून त्याचीच पॉलिश पेस्ट बनते आणि नव्या खाचाही घासल्या जातात.