आधी खुर्ची, मग बॉल

काल व्हीलचेअर बास्केटबॉलच्या सरावानंतर तू विचारलंस, "ताई, माझा बॉल रिंगपर्यंत पोचेल कधी?" पोचेल रे. रिंग आपल्यालाही तीच, दहा फुटांवर, आणि बसून फेकताना पायांचा जोर मिळत नाही. म्हणून घाई नको. पहिला महिना बॉल बाजूला ठेव आणि खुर्ची शिक. झटक्यात थांबणं, जागच्या जागी वळणं, मागे येणं. खेळाच्या खुर्चीची चाकं खालून फाकलेली असतात, त्यामुळे ती चटकन वळते. मागचं छोटं चाक मात्र तपासल्याशिवाय कोर्टवर उतरू नकोस, तेच उलटण्यापासून वाचवतं.

बॉल मांडीवर असताना चाकं दोनदाच ढकलता येतात. तिसऱ्याआधी टप्पा, पास नाहीतर शॉट. मी सुरुवातीला मोठ्याने मोजायचे: एक, दोन, टप्पा. तूही मोज, लाजू नकोस.

वर्गीकरणात, म्हणजे शरीराची हालचाल किती होते ते बघून गुण देतात तेव्हा, तुला सगळ्यात कमी 1.0 गुण मिळाला तर खट्टू होऊ नकोस. कोर्टवरच्या पाच जणांच्या गुणांची बेरीज 14 च्या वर नेता येत नाही, त्यामुळे खुर्ची आडवी घालून वाट अडवणारा 1.0 चा खेळाडू संघाला हवाच असतो.

खांदे जप. हेच हात तुला घरी खुर्चीतून पलंगावर नेतात. दुखणं अंगावर काढून मी अख्खा एक हंगाम घालवला. आणि रोज रात्री आरसा धरून बुडाखालची कातडी बघ. लाल डाग दिसला, तर सराव बंद आणि मला फोन.