युरो २०१२ साठी युक्रेनने उभारलेल्या स्टेडियमचे पुढे काय झाले? तिथे आज सामने होतात का?

२०१२ ची युरो ही युरोपीय देशांची फुटबॉल स्पर्धा पाहताना लक्षात राहिलेली युक्रेनमधील चार स्टेडियम आज कोणत्या अवस्थेत आहेत, ती ज्या शहरांत आहेत ती शहरे कशी आहेत आणि तिथे आज फुटबॉल खेळला जातो का, असे आपण विचारले आहे. थोडक्यात सांगायचे तर कीव, ल्विव आणि खारकिव ही शहरे आणि त्यांची स्टेडियम युक्रेनच्या ताब्यात आहेत. चौथे, डोनेत्स्कचे, २०१४ पासून युक्रेनच्या हाताबाहेर गेले आहे. एवढ्यावर थांबलो तर मात्र उत्तर अर्धेच राहील. मी बरीच वर्षे युक्रेनची लीग नियमितपणे पाहत आलो आहे आणि माझी अशी धारणा झाली आहे की तिथले मैदान त्या शहराच्या उद्योगापासून सुटे करून समजून घेता येत नाही. कोळसा, रेल्वे इंजिने, क्षेपणास्त्रे, यांपैकी ज्यावर शहर जगले त्याच्याच जोरावर तिथला संघ पोसला गेला आणि मैदान उभे राहिले.

सुरुवात डोनेत्स्कपासून करतो, कारण सर्वांत जास्त हळहळ मला त्याच स्टेडियमची वाटते. जॉन ह्यूज नावाच्या वेल्श उद्योजकाने १८६९ च्या सुमारास तिथल्या गवताळ माळावर लोखंडाचा कारखाना आणि कोळशाच्या खाणी सुरू केल्या आणि त्यांच्याभोवती हे शहर वाढत गेले. १९३६ मध्ये स्थापन झालेला शाख्तार हा क्लब पहिल्यापासून खाणकामगारांचा मानला गेला, आणि केशरी-काळ्या पोशाखातल्या या संघाला सोव्हिएत काळात चषक मिळाले तरी लीगचे विजेतेपद कधी मिळाले नाही. पुढे कोळसा आणि पोलाद यांच्या व्यवसायातून मोठे झालेले उद्योगपती रिनात अख्मेतोव्ह क्लबचे अध्यक्ष झाले आणि चित्र पालटले. २० मे २००९ रोजी शाख्तारने इस्तंबूलमध्ये वेर्डर ब्रेमेनला जादा वेळेत २-१ असे हरवून यूएफा चषक जिंकला, आणि त्याच वर्षी २९ ऑगस्टला डोनबास अरेनाचे उद्घाटन झाले. पन्नास हजारांहून अधिक प्रेक्षकांचे हे स्टेडियम एका उद्यानात उभे होते. भोवती काचेची भिंत होती, जी रात्री आतून उजळत असे, आणि छत एका बाजूला उतरते ठेवले होते, जेणेकरून मैदानाच्या गवताला ऊन आणि वारा मिळावा. पूर्व युरोपात त्या काळी इतक्या विचारपूर्वक बांधलेले दुसरे स्टेडियम क्वचितच सापडले असते, असे माझे मत आहे.

१५ जून २०१२ रोजी तिथे युक्रेन आणि फ्रान्स यांचा सामना सुरू होऊन जेमतेम चारपाच मिनिटे झाली होती, तोच विजांच्या कडकडाटासह असा पाऊस कोसळला की पंचांनी खेळाडूंना आत पाठवले आणि जवळजवळ तासभर खेळ थांबला. आपण ती स्पर्धा पाहिली असेल तर हे दृश्य आठवत असेल. स्पेन आणि पोर्तुगाल यांच्यातील उपांत्य सामनाही तिथेच झाला आणि पेनल्टी शूटआऊटवर स्पेनने तो जिंकला.

त्यानंतर दोन वर्षांनी, २ मे २०१४ रोजी, शाख्तारने मारिउपोलच्या संघाविरुद्ध डोनबास अरेनामध्ये जो सामना खेळला तो त्या मैदानावरील त्यांचा आजवरचा शेवटचा सामना ठरला. रशियाच्या पाठिंब्याने फुटीरतावाद्यांनी शहराचा ताबा घेतला, क्लब बाहेर पडला आणि ऑगस्टमध्ये तोफगोळ्यांनी स्टेडियमच्या काचेच्या भिंतीला मोठी हानी पोहोचवली. पुढची काही वर्षे त्या वास्तूचा उपयोग अख्मेतोव्ह यांच्या संस्थेचे मदत केंद्र म्हणून झाला: ज्या आवारात सामन्याच्या दिवशी चाहत्यांची गर्दी होई, तिथे स्वयंसेवक खाद्यपदार्थांची पाकिटे तयार करून शहरातल्या वृद्धांना आणि लहान मुलांच्या आयांना वाटत असत. २०१७ मध्ये फुटीरतावादी प्रशासनाने स्टेडियम ताब्यात घेतले आणि तेही काम बंद पडले. शाख्तारने घरचे सामने आधी ल्विव, मग खारकिव, मग कीव येथे खेळले. त्याच काळात लुहान्स्कचा झोर्या हा संघही, ज्याने १९७२ मध्ये सोव्हिएत लीग जिंकण्याचा पराक्रम केला होता, आपले शहर सोडून झापोरिझ्झ्या येथे खेळू लागला. आपल्या शहरात पाऊल टाकता येत नसताना त्याच शहराच्या नावाने वर्षानुवर्षे खेळत राहणे ही गोष्ट या दोन क्लबांनी निभावली आहे, आणि युक्रेनच्या फुटबॉलविषयी मला जो आदर वाटतो त्याचे हे एक मोठे कारण आहे.

खारकिव हे रशियाच्या सीमेपासून अवघ्या तीसचाळीस किलोमीटरवर असलेले शहर १९३४ पर्यंत सोव्हिएत युक्रेनची राजधानी होते. तिथल्या रेल्वे इंजिनांच्या कारखान्यातील कामगारांच्या संघातून मेटालिस्ट हा क्लब घडला आणि त्याचे स्टेडियम १९२६ मध्ये खुले झाले. युरोसाठी त्याचे नूतनीकरण झाले तेव्हा छताला पेलणारे तिरपे खांब बाहेरच्या बाजूने असे रोवले गेले की लोक त्याला कोळ्याची उपमा देऊ लागले. नेदरलँड्सचे तिन्ही साखळी सामने तिथे झाले आणि ते तिन्ही त्यांनी गमावले, तरीही नारिंगी पोशाखातल्या डच चाहत्यांच्या मिरवणुकांनी शहर भारून गेले होते. पुढे मेटालिस्ट क्लब आर्थिकदृष्ट्या कोसळून २०१६ मध्ये बंद पडला आणि त्याच्या चाहत्यांनी जपलेली परंपरा मेटालिस्ट १९२५ या नव्या क्लबाने पुढे चालवली. महाराष्ट्रातील कितीतरी घरांना खारकिव हे नाव तिथे वैद्यकीय शिक्षणासाठी गेलेल्या मुलामुलींमुळे ठाऊक आहे, आणि २०२२ च्या फेब्रुवारीअखेरीस रशियाने युक्रेनवर हल्ला केला तेव्हा हीच मुले तिथल्या मेट्रो स्थानकांत आणि तळघरांत आश्रय घेऊन बसली होती, हे आपल्यापैकी अनेकांनी त्यांच्या घरच्यांच्या तोंडून ऐकले आहे. त्याच वर्षी युरोच्या निमित्ताने सरावासाठी बांधलेले खारकिवचे सोन्याच्नी हे क्रीडासंकुल बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाले. तिथल्या आसनांचा एक मोडका भाग २०२४ च्या युरो स्पर्धेच्या वेळी म्युनिकच्या एका चौकात लोकांना पाहण्यासाठी ठेवण्यात आला होता.

आपल्या यादीत नसलेल्या एका शहराचा उल्लेख इथे करायलाच हवा. द्नीप्रो हे शहर युरोच्या यजमानांच्या मूळ यादीत होते, पण नंतर त्याची जागा खारकिवला मिळाली. सोव्हिएत काळात याला द्नीप्रोपेत्रोव्स्क म्हणत आणि तिथल्या युझमाश कारखान्यात आंतरखंडीय क्षेपणास्त्रे तयार होत. शहराचा संघ याच कारखान्याच्या आश्रयाखाली होता, त्याचे मेटिऑर हे मैदानही कारखान्याचेच होते, आणि १९८३ व १९८८ मध्ये या संघाने सोव्हिएत लीग जिंकली. विजेता संघ युरोपच्या स्पर्धेत खेळणार म्हणजे परदेशी संघ, परदेशी पत्रकार आणि परदेशी पाहुणे शहरात येणार. आणि शहर तर परदेशी नागरिकांना पूर्णपणे बंद. यावर तोडगा असा काढला गेला की द्नीप्रोने युरोपियन सामने क्रिवी रिह या लोहखनिजाच्या खाणींच्या शहरात खेळावेत. १९८५ च्या मार्चमध्ये बोर्दोचा बलाढ्य संघ युरोपियन चषकाच्या उपांत्यपूर्व सामन्यासाठी त्यामुळे क्रिवी रिहला आला, आणि दोन्ही सामने १-१ असे सुटल्यावर पेनल्टी शूटआऊटमध्ये जिंकून गेला. ज्या शहराच्या नावाने प्रतिस्पर्धी संघ खेळत होता ते शहर फ्रेंच खेळाडूंनी पाहिलेच नाही. आज ज्याला घरापासून दूर खेळणारा संघ म्हणतात तसा द्नीप्रो त्या काळीही होता, फक्त तेव्हाचे कारण गुप्ततेचे होते. २००८ मध्ये शहराला द्नीप्रो अरेना हे सुमारे एकतीस हजार प्रेक्षकांचे नवे स्टेडियम मिळाले, पण २०१५ मध्ये संघ युरोपा लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला तेव्हा नापोलीविरुद्धचा घरचा उपांत्य सामना युद्धाच्या सावटामुळे त्याला कीवमध्येच खेळावा लागला. त्यानंतर काही वर्षांतच तो क्लब संपुष्टात आला.

कीवच्या ओलिंपिस्की स्टेडियमवर स्वतंत्र लेख लिहिता येईल. १९२३ मध्ये ते खुले झाले तेव्हा त्याला सोव्हिएत नेते ट्रॉट्स्की यांचे नाव दिलेले होते. १९४१ मध्ये मोठ्या विस्तारानंतर नव्या रूपातील स्टेडियमचे उद्घाटन २२ जूनला, रविवारी, फुटबॉल सामन्याने व्हायचे होते. त्याच पहाटे जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केला, कीववर बॉम्ब पडले आणि सामना पुढे ढकलला गेला. विकलेली तिकिटे युद्धानंतर चालतील असे तेव्हा जाहीर झाले होते, आणि काहींनी ती जपून ठेवली होती, असे कीवमध्ये आजही सांगतात. साठच्या दशकात वरचा मजला चढल्यावर तिथे एक लाख प्रेक्षक बसू लागले. १९७५ च्या ऑक्टोबरमध्ये डायनॅमो कीवने बायर्न म्युनिकला तिथे २-० असे हरवून युरोपियन सुपर चषक घेतला, तेव्हा दोन्ही गोल ओलेग ब्लोखिन यांनी केले होते. युरोसाठी केलेल्या पुनर्बांधणीनंतर आसनक्षमता सत्तर हजारांवर आली. ११ जून २०१२ रोजी स्वीडनविरुद्ध पिछाडीवर पडल्यानंतर युक्रेनच्या आंद्री शेवचेंको यांनी हेडरने लागोपाठ दोन गोल केले, तो क्षण मला त्या स्पर्धेच्या अंतिम सामन्याहूनही अधिक मोलाचा वाटतो. अंतिम सामन्यात स्पेनने इटलीला ४-० असे निष्प्रभ केले. २०१८ चा चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामनाही इथेच झाला.

कीवमध्येच स्टार्ट नावाचे एक लहानसे मैदान आहे आणि त्याची हकिकत अनेकदा चुकीची सांगितली जाते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. जर्मन ताब्याच्या काळात एका पाव कारखान्यात कामाला लागलेल्या डायनॅमो आणि लोकोमोटिव्हच्या माजी खेळाडूंनी स्टार्ट हा संघ केला होता. ९ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांनी फ्लाकएल्फ या जर्मन संघाला ५-३ असे हरवले. सामना संपताच सर्वांना गोळ्या घातल्या, ही कथा सोव्हिएत काळात पसरली, पण घडले ते वेगळे. खेळाडूंना काही दिवसांनी अटक झाली, त्यांतील अनेकांना सिरेत्सच्या छळछावणीत पाठवले गेले, आणि गोलरक्षक त्रुसेविच, कुझ्मेंको आणि क्लिमेंको हे तिघे तिथे १९४३ च्या फेब्रुवारीत मारले गेले. जे खरोखर घडले ते पुरेसे भीषण आहे; त्यात भर घालण्याची गरज नव्हती.

कीवच्या उत्तरेला शंभरएक किलोमीटरवर प्रिप्यात हे चेर्नोबिल अणुवीज केंद्राच्या कामगारांचे शहर होते. तिथले अवानहार्द हे नवे स्टेडियम १ मे १९८६ रोजी खुले व्हायचे होते. २६ एप्रिलला अणुभट्टीचा स्फोट झाला आणि दुसऱ्याच दिवशी सारे शहर रिकामे करण्यात आले. आज तिथली प्रेक्षागॅलरी शाबूत आहे आणि मैदानाच्या जागी दाट झाडी उभी आहे. त्या स्फोटानंतर सहा दिवसांनी डायनॅमो कीवने लिओंमध्ये अ‍ॅटलेटिको माद्रिदला ३-० असे हरवून युरोपियन कप विनर्स चषक जिंकला होता.

ल्विवचे नवे अरेना शहराच्या दक्षिण टोकाला आहे, सुमारे पस्तीस हजार आसनांचे आहे आणि २०११ मध्ये खुले झाले. खरे सांगायचे तर ल्विवकरांचा जीव त्याच्यापेक्षा जुन्या उक्राइना स्टेडियमवर अधिक आहे, कारण तिथे कारपाती खेळतो, आणि दुसऱ्या श्रेणीत असताना सोव्हिएत चषक जिंकणारा, तोही १९६९ मध्ये, तो एकमेव संघ होता. ल्विवचे महत्त्व याहूनही जुने आहे. हे शहर ऑस्ट्रिया-हंगेरीच्या राज्यात असताना, १४ जुलै १८९४ रोजी, स्त्रिस्की उद्यानात ल्विव आणि क्राकूव्ह येथील सोकोल व्यायामसंघांमध्ये फुटबॉलचा सामना झाला. सहाव्या मिनिटाला ल्विवच्या खोमित्स्की या तरुणाने गोल केला आणि सामना तिथेच संपवण्यात आला, कारण व्यायामाच्या प्रात्यक्षिकांसाठी जागा मोकळी करायची होती. युक्रेनमधील फुटबॉलचा आरंभ याच सामन्यापासून मानतात.

आता आज सामने होतात का, या भागाकडे येतो. हो, होतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये थांबलेली लीग २३ ऑगस्ट २०२२ रोजी ओलिंपिस्कीच्या रिकाम्या गॅलऱ्यांसमोर शाख्तार आणि मेटालिस्ट १९२५ यांच्या सामन्याने पुन्हा सुरू झाली. दुसऱ्या दिवशी ल्विवमध्ये रुख आणि मेटालिस्ट (बंद पडलेल्या क्लबाच्या नावाने पुन्हा उभा राहिलेला, मेटालिस्ट १९२५ पेक्षा वेगळा संघ) यांचा सामना हवाई हल्ल्याच्या भोंग्यांमुळे वारंवार थांबत राहिला आणि संपायला सुमारे साडेचार तास लागले. खेळाडू पुन्हा पुन्हा आश्रयस्थानात जात आणि परत येऊन अंग गरम करून खेळत. अजूनही सामना तिथेच घेतात जिथे आश्रयस्थान आहे, आणि प्रेक्षकांना प्रवेश मिळू लागल्यापासून तिकिटांची संख्या त्या आश्रयस्थानात किती माणसे मावतात यावर ठरते, मग गॅलरीत कितीही हजार खुर्च्या असोत. चेर्निहिवचे स्टेडियम, ज्याला तिथे येऊन गेलेल्या युरी गागारिन यांचे नाव होते, मार्च २०२२ मध्ये बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाले. मारिउपोल शहराबरोबरच तिथला क्लबही गेला. युरोपियन स्पर्धांचे सामने मात्र युक्रेनमध्ये होऊ शकत नाहीत, त्यामुळे शाख्तारने घरचे सामने आधी वॉर्सा, मग हॅम्बर्ग, मग गेल्झेनकिर्शेन आणि त्यानंतर क्राकूव्ह येथे खेळले आहेत. त्यांनी बार्सेलोनाला १-० असे हरवले, तो नोव्हेंबर २०२३ चा सामनाही हॅम्बर्गमधलाच होता. आपण तो पाहिला असेल तर गॅलरीत युक्रेनच्या निळ्या-पिवळ्या झेंड्यांची गर्दीही पाहिली असेल.