पारांग ला ओलांडण्याआधी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा दोनदा नीट वाचला. हिमाचलमधल्या स्पितीतल्या किब्बरहून निघायचं, पारांग ला ही खिंड ओलांडायची, परे चू नदीच्या काठाने लडाखात उतरायचं आणि त्सो मोरीरी तलावाच्या काठावर कोरझोकला पोचायचं. पुण्यातून निघून पुण्यात परत, चौदा दिवसांत. मुक्कामांच्या उंच्या, रोजचं अंतर, गाडीभाडं, सगळं तक्त्यात बसवलं आहेस. मेहनत दिसते. वाटही फार सुंदर निवडलीस. स्पिती आणि लडाखातलं चांगथांग पठार यांमधली ही जुनी व्यापाराची वाट. आजही किब्बर सोडलं की थेट कोरझोक, मध्ये बारमाही वस्तीचं एकही गाव नाही.

पण त्या तक्त्यात एकही दिवस मोकळा नाही. चौदाच्या चौदा दिवसांना तू काम लावून ठेवलं आहेस. बाकीच्या चुका किरकोळ आहेत, त्या फोनवर बोलता येतील. ही एक मात्र मी पत्रात लिहून काढतोय, म्हणजे तुझ्यासोबत येणाऱ्या तिघांनाही वाचायला देशील.

रजा कमी म्हणून तू मनालीमार्गे काझाला, स्पितीतल्या मुख्य गावी, जायचं ठरवलंस. २०२० साली अटल बोगदा सुरू झाल्यापासून रोहतांग खिंडीचा चढ वाचला, त्यामुळे मनालीत सकाळी चहा घेऊन रात्री काझात जेवता येतं हे खरं आहे. नेमकी तीच अडचण आहे. मनाली साधारण २,००० मीटरवर, काझा ३,६५० वर. त्यात तू दुसऱ्याच दिवशी किब्बरला, म्हणजे ४,२०० मीटरवर झोपायचं म्हणतेस. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची दिवसाला पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच जागी काढायचा, हा गिर्यारोहण वैद्यकातला साधा नियम आहे. तो तुझ्या पहिल्याच दोन दिवसांत मोडतो.

त्यापेक्षा सिमल्याकडून ये. सिमला, कल्पा, नाको, ताबो, काझा. ताबोला मुक्कामच कर. इसवी सन ९९६ मध्ये स्थापन झालेला तिथला मातीच्या भिंतींचा मठ बघायला घाईत जाऊ नये. या वाटेने शरीराला चार-पाच दिवस हळूहळू वर नेता येतं. पावसाळ्यात वाटेवरच्या किन्नौरात दरड कोसळून रस्ता अडतो, तेव्हा इथेही एक दिवस राखून ठेवावा लागेल. मग काझात दोन रात्री आणि किब्बरला आणखी दोन. या दिवसांत रिकामं बसायचं नाही. सकाळी तीन-चारशे मीटर चढून जायचं, दुपारी खाली येऊन झोपायचं.

तू म्हणशील, मी सिंहगड पाऊण तासाच्या आत चढते, अलंग-मदन-कुलंग केलंय. खरंय, आणि तुझ्या पायांबद्दल मला काडीची शंका नाही. पण आपलं कळसूबाई १,६४६ मीटर आहे, किब्बरची शेतं त्याच्या अडीचपट उंचीवर. पारांग ला जवळपास ५,६०० मीटर आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्माच उरतो. दणकट माणसाला विरळ हवेचा त्रास कमी होतो असं नाही. उलट दणकट माणूस भरभर चढतो आणि त्रास लपवू शकतो, म्हणून त्याची मला जास्त काळजी वाटते.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या पहिल्या खेपेला आम्ही पाच जण होतो. खिंडीखालच्या बोरोगेनच्या मुक्कामात संध्याकाळी आमच्यातला सर्वांत तयारीचा गडी तंबूबाहेर बसून बुटाची नाडी बांधत होता. मी त्याच्या हातात चहाचा मग दिला, त्याने तो बाजूला ठेवला. मी बाकीच्यांना चहा देऊन परत आलो तरी तो तीच नाडी बांधत होता. फास तयार व्हायचा, दुसरं टोक त्यातून ओवताना बोटं चुकायची, तो परत पहिल्यापासून सुरू करायचा. मगातल्या चहावर साय आली होती. विचारलं तर म्हणाला, ऊन लागलंय. मी त्याला उठवलं आणि एका पायाच्या चवड्याला दुसऱ्या पायाची टाच लावत सरळ रेषेत चालायला सांगितलं. तिसऱ्या पावलाला तो कलंडला.

मेंदूला सूज येऊ लागल्याची ती खूण होती. अंधार पडला होता, तरी सकाळची वाट पाहिली नाही. घोडेवाल्याने त्याला घोड्यावर बांधल्यासारखं बसवलं आणि आम्ही दोघं टॉर्चच्या उजेडात खाली निघालो. खालच्या थलटकच्या मुक्कामापर्यंत तो असंबद्ध बोलत होता. पुढे दरीच्या तळाशी उतरलो तेव्हा त्याने पहिल्यांदा विचारलं, आपण परत का चाललोय? तो प्रश्न ऐकून मला रडू फुटलं होतं. तो वाचला. नंतर रुग्णालयात खाटेवर पडून त्याने सांगितलं की डोकं काझापासूनच दुखत होतं. मग बोलला का नाहीस? तर म्हणाला, बोललो असतो तर थांबावं लागलं असतं, आणि आपल्याकडे थांबायला दिवसच नव्हता.

तो आराखडा मी केला होता. तुझ्या तक्त्यासारखाच होता, गच्च भरलेला.

मोकळा दिवस नुसता विश्रांतीसाठी नसतो. तो असला की माणसं खरं बोलतात. रोज संध्याकाळी जेवणाआधी चौघांनी गोल बसायचं आणि प्रत्येकाने सांगायचं: डोकं कसं आहे, भूक आहे का, उलटी झाली का, झोप लागली का. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर जवळ ठेव, पण त्यातल्या आकड्यावर विसंबू नकोस. डोकं दुखतंय आणि जेवण जात नाही, तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत ते उंचीमुळेच आहे असं धरायचं आणि वर जायचं नाही. आरामातही धाप लागते, खोकला सुटतो, तर खाली. चालताना तोल जातोय, तरी खाली, त्याच क्षणी. डायमॉक्स या उंचीच्या त्रासावरच्या गोळीबद्दल निघण्याआधी डॉक्टरांशी बोल. साधारण १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात, पण सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगायला हवं. जोखमीच्या वेळची औषधंही त्यांच्याकडून लिहून घे, कधी आणि किती ते कागदावर. ही औषधं उतरायला वेळ मिळवून देतात. उतरायचं तरीही असतंच.

आता नकाशा उघड आणि खिंडीच्या पलीकडची बाजू बघ. सह्याद्रीत खिंड ओलांडली की सुटलो, पुढे उतार आणि उताराच्या शेवटी गाव. इथे तो हिशोब चालत नाही. पलीकडे हिमनदीवरून उतरलीस की परे चूचं रुंद पात्र लागतं आणि ते इतकं हळू उतरतं की पुढचे दोन दिवस तू पाच हजारांच्या आसपासच असतेस. आणि शेवटचं त्सो मोरीरी? तेच ४,५२२ मीटरवर आहे. म्हणजे खिंड ओलांडल्यापासून कोरझोकमध्ये गाडीत बसेपर्यंत साडेचार हजारांच्या खाली उतरायला जागाच नाही. तिकडे कुणी आजारी पडलं तर त्याला खाली न्यायचं म्हणजे पुन्हा खिंड चढायची, नाहीतर कित्येक दिवस तशाच उंचीवर चालायचं. म्हणून निर्णय अलीकडे, बोरोगेनलाच घ्यायचा. चौघांपैकी एकाचंही ठीक नसेल तर चौघंही परत. हे पुण्यात बसून ठरवून या, चौघांनी एकमेकांना शब्द देऊन. तिथे वर गेल्यावर हा विषय काढला की वाद होतात.

थलटकला एक दिवस जास्त धर, आणि एक दिवस नदीसाठी. परे चू ही विलक्षण नदी आहे. पारांग लाच्या हिमनदीतून निघते, लडाखातून तिबेटमध्ये शिरते आणि फिरून हिमाचलात येऊन सुमदोजवळ स्पिती नदीला मिळते. २००४ साली तिबेटच्या हद्दीत दरड कोसळून तिचं पात्र अडलं, तळं साचलं, आणि २००५च्या जूनमध्ये ते फुटून थेट सतलजच्या खोऱ्यात पूर आला. तुला ती वरच्या अंगाला, नोरबू सुमदो या दुसऱ्या जागेजवळ ओलांडायची आहे. बर्फ दिवसभर वितळतं, त्यामुळे पहाटे गुडघ्याएवढं असणारं पाणी दुपारी कमरेला येतं. दुपारी काठावर पोचलात तर कितीही सोपं दिसलं तरी तंबू ठोका, सकाळी उजाडताच उतरा. अनवाणी नाही; पट्ट्याच्या सँडल घालून, सॅकचा कमरपट्टा सोडून, तोंड प्रवाहाकडे करून, एकमेकांचे दंड धरून. घोडेवाला जिथून म्हणेल तिथूनच.

घोडेवाल्याशी किब्बरमध्येच समोरासमोर बोल. या हंगामात खिंडीपलीकडे जाऊन आलास का, हे पहिलं विचार. घोड्यांना कोरझोकहून तीच वाट चालून रिकामं परतायचं असतं, त्या परतीच्या दिवसांचे पैसे द्यावे लागतात; ते तुझ्या खर्चात धरलेले नाहीत. त्याच्या डोळ्यांना चांगला गॉगल आहे का, पांघरूण पुरेसं आहे का, तेही बघ. तो आपल्याबरोबर आहे म्हणजे त्याची जबाबदारीही आपली.

खाण्याचं तू ठीक लिहिलंस, फक्त तीन लिटरचा कुकर विसरलीस. पाच हजार मीटरवर पाणी ८३-८४ अंशांनाच उकळतं, उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. आणि मेटकूट घे. वर गेलं की भूक मरते, सुकामेव्याकडे बघवत नाही, तेव्हा मऊ भात, तूप आणि मेटकूट तेवढं पोटात जातं.

काळ ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबरचा मध्य धर. नद्या उतरायला लागलेल्या असतात, थंडी अजून बोचरी झालेली नसते. गणपतीला तू घरी नसशील, आईला आत्ताच कल्पना दे. तिच्याजवळ एक कागदही ठेव: कुठल्या तारखेला कुठे, घोडेवाला कुठल्या गावचा, कोणत्या तारखेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं. ती तारीख मोकळे दिवस मिळवूनच लिही, नाहीतर ती माउली विनाकारण तीन दिवस जिवाला घोर लावून बसेल. किब्बरनंतर फोन लागणार नाही. उपग्रह फोन किंवा तसलं संदेश पाठवायचं यंत्र कुणी देऊ केलं तरी घेऊ नकोस. सरकारी परवानगीशिवाय ते जवळ बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे आणि हा सगळा सीमेलगतचा भाग. त्सो मोरीरीकडच्या परवान्याचे नियमही बदलत असतात, ते लेहच्या जिल्हा कार्यालयाकडून यंदाचे म्हणून विचारून घे.

सगळं मिळून माझ्या हिशोबाने एकवीस दिवस होतात. तेवढी रजा मिळत नसेल तर यंदा भाबा खिंड कर. किन्नौरातल्या काफनूहून निघून पिन खोऱ्यातल्या मुदला उतरायचं, साधारण ४,९०० मीटर. हिरव्या कुरणातून चढून एका बाजूला रुक्ष स्पिती पहिल्यांदा दिसतो, ते दृश्य मी अजून विसरलेलो नाही. पारांग ला पुढच्या वर्षी. पण चौदा दिवसांत पारांग ला नको, हे मी तुला हात जोडून सांगतो.

नवा तक्ता कर. मोकळे दिवस हिरव्या रंगाने दाखव आणि त्यांच्यापुढे काहीही लिहू नकोस. रविवारी पहाटे पाचला आतकरवाडीला सिंहगडाच्या पायथ्याशी ये, तिघांनाही आण. सॅक दहा किलोच्या भरून आणा. वर जाऊन खाली येऊ आणि पुन्हा वर जाऊ. उतरताना गुडघे काय म्हणतात ते मला बघायचंय. तक्ता तिथेच बसून बघू.

तुझा,
काका