मुरघासासाठी सगळ्यांची मोट कशी बांधावी?

प्रश्न: सिन्नर तालुक्यात आमच्या गटाच्या 40 गाई आहेत. मुरघासासाठी, म्हणजे हिरवा मका बारीक कापून (कुट्टी करून) खड्ड्यात हवाबंद मुरवलेल्या चाऱ्यासाठी, मका उत्पादक, कुट्टीयंत्रवाला आणि दूध संस्था यांना एकत्र कसं आणावं?

उत्तर: आधी आकडा काढा. गाईला रोज 15 किलो मुरघास, 120 दिवस, म्हणजे 72 टन. नासाडी धरून 80. तो घेऊन पेरणीआधीच येवला-निफाडच्या मका उत्पादकांना भेटा. सौदा वजनकाट्याच्या पावतीवर करा; एकरी उक्ता दर ठरवला की भांडण ठरलेलंच. यंत्राची तारीख संस्थेनं पक्की करावी, पैसे दूधबिलातून कापावेत.

दाणा अर्धा दुधाळ, अर्धा पिठाळ असताना कापणी करा. कुट्टी मुठीत दाबा: पाणी ठिबकलं तर थांबा, गोळा लगेच विस्कटला तर उशीर झालाय. खड्डा ट्रॅक्टरने दाबत भरा. हवा राहिली की बुरशी येते. 45 दिवस उघडू नका.