नोंद एकच, पण तिचा धनी कोण?

प्रश्न : आमच्या कारखान्यात सुमारे साडेसहाशे कर्मचारी आहेत. हजेरी बोटाच्या ठशाच्या यंत्रावर, रजा एक्सेलमध्ये, पगार तिसऱ्याच सॉफ्टवेअरवर आणि नेमणुकीची कागदपत्रे फायलींत, अशी आमची विभागणी आहे. हे सर्व एका एकात्मिक प्रणालीत आणण्याचे व्यवस्थापनाने ठरवले असून त्यासाठी सहा महिने दिले आहेत. सुरुवात कोठून करावी?

उत्तर : सॉफ्टवेअरची निवड थोडी बाजूला ठेवावी आणि कर्मचाऱ्याविषयीची एकेक नोंद घेऊन ती आज किती ठिकाणी लिहिली जाते, हे आधी कागदावर मांडावे. नाव, रुजू झाल्याची तारीख, पदनाम, विभाग, पाळी, बँक खाते आणि शिल्लक रजा एवढ्या सात नोंदी तपासल्या तरी बहुतेक कार्यालयांत त्यांतील तीन-चार नोंदी दोन ठिकाणी वेगवेगळ्या सापडतात. वेगवेगळ्या प्रणालींत काम चालू असते तेव्हा ही विसंगती खपून जाते, कारण पगार काढणारी अनुभवी व्यक्ती ती डोक्यात ठेवून दरमहा हाताने दुरुस्त करत असते. एकात्मिक प्रणालीत मात्र एकदा केलेली नोंद हजेरी, रजा, पगार आणि विमा अशी सगळीकडे आपोआप पोहोचते, आणि चूकही त्याच वेगाने पोहोचते. म्हणून प्रत्येक नोंदीचा एक धनी ठरवावा, म्हणजे ती कोण भरेल, कोण बदलू शकेल आणि बदलास मंजुरी कोण देईल, हे पदनामासह लिहून ठेवावे. माझ्या मते संपूर्ण कामाचा हाच पाया आहे आणि घाईत नेमका तोच कच्चा राहतो.

यानंतर ज्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते ती बाब म्हणजे तारीख. समजा, एखाद्या कर्मचाऱ्याची बदली महिन्याच्या सतरा तारखेपासून लागू झाली, आदेश मनुष्यबळ विभागात पंचवीस तारखेला पोहोचला आणि पगाराचा हिशेब त्याआधीच वीस तारखेला बंद झालेला होता. अशा वेळी बदल कधी नोंदवला आणि तो कधीपासून लागू झाला, या दोन्ही तारखा प्रणालीत स्वतंत्रपणे राहिल्या पाहिजेत, आणि मधल्या दिवसांचा पाळीभत्ता व ओव्हरटाइम यांतील फरक पुढील पगारात तिने स्वतःहून काढला पाहिजे. विक्रेत्याला प्रात्यक्षिकासाठी बोलवाल तेव्हा त्याने तयार करून आणलेली उदाहरणे पाहण्यात वेळ घालवू नका. मागील वर्षी आपल्याला सर्वांत जास्त त्रास दिलेली दहा प्रकरणे काढून ठेवा आणि ती आपल्यासमोर चालवून दाखवायला सांगा. दोन रजांच्या मध्ये आलेली सुट्टी रजेत धरायची का, वर्षाच्या मध्यावर रुजू झालेल्याला किती रजा द्यायची, राजीनामा परत घेतला तर सेवा सलग मानायची का, अशा प्रश्नांची उत्तरे अनेकदा नियमावलीत नसतात, केवळ प्रघातात असतात. प्रणालीला प्रघात कळत नाही. तिला लिखित नियमच द्यावा लागतो. असे नियम लिहायला बसले की दोन विभागप्रमुख आजवर वेगवेगळे वागत होते, हे उघड होते आणि तो वाद सॉफ्टवेअर येण्यापूर्वीच मिटवावा लागतो.

पगाराचे संगणकीकरण काही नवे नाही. ब्रिटनमधील लायन्स कंपनीने कार्यालयीन कामासाठी बनवलेला लिओ हा संगणक 1950च्या दशकातच पगाराचे हिशेब करू लागला होता. तरीही पगारप्रणाली बदलणे आजही अत्यंत जोखमीचे काम आहे, याचा दाखला कॅनडाच्या सरकारी फिनिक्स प्रणालीने दिला. ती 2016 मध्ये सुरू झाली आणि असंख्य कर्मचाऱ्यांना पगार कमी, जास्त किंवा मुळीच न मिळण्याचे प्रकार घडले. तेथील महालेखापरीक्षकांच्या 2018 च्या अहवालातून कारणे समोर आली. खर्च व मुदत आटोक्यात ठेवण्यासाठी काही कार्ये वगळण्यात किंवा पुढे ढकलण्यात आली होती, त्यांत मागील तारखेपासूनच्या वेतनाची प्रक्रियाही होती; एका विभागात प्रायोगिक वापर करण्याचा बेतही रद्द झाला होता. शिवाय पगाराचे बारकावे जाणणाऱ्या अनुभवी कर्मचाऱ्यांची पदे आधीच कमी केली गेली होती. त्यापूर्वी ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या आरोग्य विभागाची नवी पगारप्रणाली 2010 मध्ये अशीच कोलमडली आणि 2013 मध्ये तिची चौकशी आयोगामार्फत तपासणी झाली. या घटना मी भीती घालण्यासाठी सांगत नाही. आपल्या सहा महिन्यांतील कोणता भाग कापू नये, हे त्यांवरून कळते.

तो भाग म्हणजे समांतर चाचणी. किमान दोन पगार जुन्या आणि नव्या अशा दोन्ही पद्धतींनी काढावेत आणि तुलना एकूण रकमेची न करता प्रत्येक व्यक्तीच्या पगारपत्रकाची, तीही घटकनिहाय करावी. एकाला पाचशे जास्त आणि दुसऱ्याला पाचशे कमी गेले तर एकूण बेरीज तंतोतंत जुळते आणि दोन्ही चुका लपून राहतात. जो फरक सापडेल त्याचे कारण लिहावे. कित्येकदा जुनी पद्धतच चुकत होती, असे निघते आणि मग थकबाकीचा प्रश्न व्यवस्थापनापुढे ठेवावा लागतो.

क्रमाविषयी थोडक्यात सांगायचे तर प्रथम मूळ कर्मचारी नोंद, मग हजेरी व रजा, त्यानंतर पगार असे जावे. कामगिरीचे मूल्यमापन शेवटी घेतले तरी चालते. नोकरी सोडण्याची प्रक्रिया मात्र लांबवू नये, कारण शेवटच्या दिवशी संगणकाचे व प्रवेशपत्राचे अधिकार आपोआप बंद होणे हा एकात्मिकतेचा मोठा व तातडीचा लाभ आहे. सहा महिन्यांत पगारापर्यंतचे सर्व बसत नसेल, तर व्यवस्थापनाला ते आताच लेखी कळवावे.

प्रश्न : आमच्याकडे रजेचा अर्ज प्रणालीच नामंजूर करते आणि कारण विचारले असता, ‘सिस्टिम घेत नाही’ एवढेच उत्तर मिळते. दाद कोणाकडे मागावी?

उत्तर : आपल्या मनुष्यबळ विभागाकडे, आणि तीही लेखी. प्रणाली स्वतःहून नियम करत नाही. तो कोणीतरी ठरवून तिच्यात भरलेला असतो. कोणत्या नियमामुळे अर्ज अडला आणि अपवाद करण्याचा अधिकार कोणाला आहे, हे दोन प्रश्न नेमकेपणाने विचारावेत. नामंजुरीसोबत कारण व संबंधित अधिकाऱ्याचे पदनाम पडद्यावर दिसणे हा कर्मचाऱ्याचा साधा हक्क मानला पाहिजे.

प्रश्न : एका जागेसाठी शेकडो अर्ज येतात. त्यांची प्राथमिक छाननी सॉफ्टवेअरवर पूर्णपणे सोपवावी का?

उत्तर : पूर्णपणे सोपवू नये. पात्रतेच्या स्पष्ट अटी, उदाहरणार्थ आवश्यक परवाना आहे की नाही, हे प्रणालीने जरूर तपासावे. उमेदवाराला गुण देणारी स्वयंशिक्षित प्रणाली ही निराळी गोष्ट आहे, कारण ती जुन्या निवडींवरून शिकते आणि त्यांतील कलही उचलते. ॲमेझॉनने दहा वर्षांच्या अर्जांवर शिकवलेली अशी एक प्रायोगिक प्रणाली स्त्रियांशी संबंधित शब्द असलेल्या अर्जांना कमी गुण देत होती आणि कंपनीने ती सोडून दिली, असे वृत्त 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. लक्षणीय परिणाम करणारा निर्णय केवळ यंत्राने घेऊ नये, यासाठी युरोपीय संघाच्या विदासंरक्षण (डेटा संरक्षण) नियमावलीत 22 वे कलम आहे. ते आपल्याला लागू असो वा नसो, प्रणालीने नाकारलेल्या अर्जांतून दर भरतीत काही अर्ज यादृच्छिकपणे काढून अनुभवी व्यक्तीकडून पुन्हा वाचून घ्यावेत आणि त्यांत पात्र उमेदवार सापडल्यास निकष दुरुस्त होईपर्यंत ती छाननी थांबवावी.