बीपी ठीक, तरी शॉक?

प्रश्न : ताई, मी इमर्जन्सी टेक्निशियनचा कोर्स करते. बीपी १२०/८० असूनही सर म्हणाले, पेशंट शॉकमध्ये आहे. असं कसं? – एक विद्यार्थिनी, कागल

उत्तर : सर बरोबर आहेत. शॉक म्हणजे पेशींना पुरेसं रक्त, म्हणजेच ऑक्सिजन, न पोचणं. बीपी पडणं ही त्याची उशिराची खूण. मोठ्या माणसात साधारण ५ लिटर रक्त असतं. त्यातलं लिटरभर गेलं तरी ॲड्रेनालिन सुटतं, हृदय धावतं, कातडीच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त मेंदू-हृदयाकडे वळतं. बीपी टिकतं. तरुणांत जास्तच टिकतं, आणि मग एकदम कोसळतं. मला याचीच धास्ती वाटते.

हंगामात महामार्गावर उसाच्या ट्रॉलीला धडकलेला पोरगा ‘मला काय झालं नाही’ म्हणत उठून बसतो. त्याचा हात धर. गार, घामट लागतोय? नाडी १०० च्या वर? नख दाबून सोडल्यावर रंग परतायला २ सेकंदांहून जास्त लागतात? (थंडीत बोटं फसवतात, कपाळावर दाबून बघ.) मग मांडी चाचप. तिथलं हाड मोडलं तर आतल्या आत लिटरभर रक्त साचू शकतं, बाहेर थेंब दिसत नाही. पोटही तसंच.

अशा वेळी बीपी पडायची वाट बघू नकोस. ऑक्सिजन लाव, पांघरूण घाल, गाडी हलव आणि वाटेतूनच कोल्हापूरच्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालयाला कळव.