लाकूड वाळायची वाट पाहू नका

बारा बाय सोळा फुटांची लाकडी सांगाड्याची केबिन, सहा खांब, हत्यारं म्हणजे करवत, पटाशी, गिरमिट आणि रंधा. लाकूड चिरून आल्यावर कुणीतरी सांगितलं की दोन वर्षं वाळू द्या. तर थांबायचं का, आणि सांध्यांऐवजी सरळ नटबोल्ट मारले तर काय बिघडतं, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

थांबू नका. उघड्या हवेत वाळायला जाडीच्या दर इंचाला एक वर्ष असा ढोबळ हिशेब धरतात. म्हणजे सहा इंची खांब दोन वर्षांनीही आतून ओलाच असणार, आणि बाहेरून मात्र इतका कडक झालेला की खाच पाडताना मनगट बोलायला लागेल. असे सांगाडे पूर्वापार ओल्या लाकडाचेच उभे राहत आले आहेत. फक्त ते आकसणार हे धरून काम करायचं.

लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही, आकसतं ते आडव्या मापात. त्यातही खोडातल्या वाढीच्या वर्तुळाच्या कडेने जेवढं आकसतं ते गाभ्याकडून सालीकडे आकसतं त्याच्या साधारण दुप्पट. म्हणून गाभा मधोमध असलेल्या खांबाला एखाद्या बाजूने उभी चीर पडतेच. पहिली चीर पडली तेव्हा माझी झोप उडाली होती. आता मी तिच्याकडे बघतही नाही. भीती बाळगायची ती पिळाची. लाकडाच्या रेषा सरळ न जाता खांबाभोवती वळत गेलेल्या दिसल्या, तर तो नग लांब कामाला घेऊ नका. त्याचे तुकडे करून तिरक्या आधारांना वापरा.

आता नटबोल्ट. लाकूड आकसलं की नट सैल होतो आणि तुम्ही पाना घेऊन फिरत बसता. कुसू (तुळईच्या टोकाला कोरलेली जीभ) आणि तिच्यासाठी खांबात पाडलेली खाच, यांचा सांधा लाकडी खुंटीने नीट ओढून घेतला, तर तो आकसण्यातही घट्ट राहतो. ओढून घेणं म्हणजे काय, तर खांबातलं भोक आधी पाडायचं, कुसू आत घालून त्यावर खूण करायची, बाहेर काढायचं आणि कुसवातलं भोक त्या खुणेपेक्षा दोन-तीन मिलिमीटर खांद्याकडे, म्हणजे कुसू जिथून सुरू होतं त्या पायरीकडे, सरकवून पाडायचं. खुंटी ठोकली की ती वाकत आत जाते आणि खांदा खांबावर आवळून बसवते. 'खांद्याकडे' हा शब्द भिंतीवर लिहून ठेवा. मी एकदा दिवसभर सगळी भोकं उलट दिशेला सरकवली होती. खुंटी ठोकेन तसा सांधा उघडत गेला. खुंटी मात्र पूर्ण वाळलेल्या कठीण लाकडाची हवी, आणि करवतीने न कापता रेषेत फोडून काढलेली. कापलेल्या खुंटीची रेष मध्येच बाहेर पडते आणि ती तिथेच मोडते.

खरा वेळ आखणीला द्या. सहा बाय आठची तुळई कधीच नेमकी सहा बाय आठ नसते. प्रत्येक नगाच्या एकमेकींना काटकोनात असलेल्या दोन चांगल्या बाजू निवडा, त्यांवर खूण करा आणि सगळी मापं तिथूनच घ्या. उरलेल्या दोन बाजू कशाही असोत. आत साडेपाच बाय साडेसातचा अचूक नग लपलेला आहे असं समजा आणि सांधा येतो तेवढ्याच जागी त्या मापापर्यंत लाकूड खोदा. म्हणजे प्रत्येक जागी वेगळं माप धरावं लागत नाही. कुसू दीड इंच जाड, खाच खुणेच्या बाजूपासून दीड इंच आत, सगळीकडे हेच. एक दीड इंची पटाशी पुरते. तुळई आठ इंच उभी ठेवा. आडवी टाकली तर तेच लाकूड जवळजवळ पावणेदोन पट जास्त वाकेल.

तिरके आधार ४५ अंशांचे, बाजू तीस इंच धरली तर खांद्यापासून खांद्यापर्यंतची लांब कड ४२.४ इंच. हे आधार खांब आणि तुळई जोडतानाच आत घालावे लागतात, नंतर शिरत नाहीत. विसरलात तर सांधा पुन्हा उकलावा लागेल, म्हणून खुंट्या ठोकण्याआधी एकदा मोजून घ्या.

तुमच्या मापाची एक सोय आहे: बारा-सोळाचा कर्ण बरोबर वीस फूट येतो. जोत्यावरच्या तळतुळया बसवल्या की दोन्ही कर्ण फीत लावून तपासा. तळतुळई जमिनीपासून निदान आठ इंच वर असू द्या, आणि दगड व लाकूड यांच्यात ओल अडवणारा थर घाला.

कापाकापी एकट्याने होते, उभारणी होत नाही. बारा फुटी सहा-बाय-आठ तुळई म्हणजे चार घनफूट. ओलं पाइन असलं तरी सत्तर-ऐंशी किलो सहज भरतं. जोडलेली अख्खी चौकट उचलायला सहा माणसं बोलवा, दोर बांधा, आणि ती उभी राहताच तात्पुरत्या फळ्या तिरक्या ठोकून ओळंबा लावल्याशिवाय कुणालाही हात सोडू देऊ नका.

आज रात्री मात्र एवढंच करा: टाकाऊ तुकड्यात एक सांधा पुरा करून, खुंटी ठोकून, मग मधोमध उभा चिरून बघा. खुंटी आत कशी वाकली आहे ते दिसेल.